ग्रीसचं बिल कोणी भरलं?

१ जुलै २०१५, बुधवार. ग्रीसमधल्या सगळ्या बँका सोमवारपासून बंद होत्या. त्या दिवशी हजारेक शाखा उघडल्या, पण त्या फक्त पेन्शनरांसाठी. एटीएम कार्ड असलेल्यांना दिवसाला ६० युरो काढायची मुभा होती. वीस युरोच्या नोटा संपल्या, की मशीनमधून पन्नासचीच एक नोट निघायची. हजारो म्हाताऱ्या माणसांनी मात्र जन्मात कार्ड वापरलं नव्हतं. पेन्शनच्या दिवशी पासबुक घेऊन खिडकीवर जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना माणशी १२० युरो मिळणार होते आणि आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे दिवस वाटून दिले होते. लोक पहाटेपासून शटरसमोर येऊन उभे होते. दोन दिवसांनी थेस्सालोनिकीत एक म्हातारे गृहस्थ बँकेच्या दाराशी जमिनीवर बसले आणि रडायला लागले. पासबुक आणि ओळखपत्र शेजारी पडलेलं. त्यांचा तो फोटो जगभर गेला.

आपल्याकडे एखाद्या सहकारी बँकेवर निर्बंध आले की ठेवीदार असेच शटरबाहेर उभे असतात. ग्रीसमध्ये एकाच वेळी अख्ख्या देशाच्या बँका बंद होत्या.

ग्रीसचं काय चुकलं असं विचारलं की दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे लोक आळशी आणि सरकार उधळं. दुसरं म्हणजे जर्मनीनं गळा आवळला. दोन्हींत थोडं तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मनात हा विषय रुतून बसलाय तो वेगळ्या कारणानं. ‘कटू निर्णय घेणारा खंबीर नेता’ असं आपण कौतुकानं म्हणतो, पण तो कडू घोट कोणाच्या घशात ओतला गेला, हे फारसं कोणी विचारत नाही. ग्रीसमध्ये त्याचं उत्तर महिन्याच्या पगारात आणि घरी येणाऱ्या बिलात दिसतं.

तूट, कर्ज आणि नवं-जुनं

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. सरकारनं वर्षभरात कमाईपेक्षा जो जास्त खर्च केला, ती त्या वर्षाची तूट. अशा वर्षानुवर्षांच्या तुटी साचून झालेला डोंगर म्हणजे कर्ज. दोन्ही आकडे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाशी, म्हणजे जीडीपीशी ताडून बघतात. युरो वापरणाऱ्या देशांचा नियम असा की तूट ३ टक्क्यांच्या आत हवी आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत.

सरकार आपलं कर्ज सहसा कधी संपवत नाही. मुदत भरली की नवं काढून जुनं फेडतं. गावच्या सोसायटीत मार्चअखेरीला पीककर्जाचं नवं-जुनं करतात, तसंच हे. नवं कर्ज मंजूर होतंय तोवर जुन्याचं ओझं जाणवत नाही. एखाद्या वर्षी सोसायटीनं नकार दिला, की सगळी रक्कम एकदम अंगावर येते. म्हणून कर्ज किती आहे यापेक्षा नवं-जुनं करून द्यायला कोणी तयार आहे का, हा प्रश्न मोठा. जपानवर ग्रीसपेक्षा जास्त कर्ज असून त्याच्या दारात कोणी उभं राहत नाही, ते याचमुळे.

ग्रीसनं २००१ मध्ये द्राख्मा हे आपलं चलन सोडून युरो स्वीकारला. नव्वदच्या दशकात ग्रीक सरकारला कर्जावर दोन आकडी व्याज मोजावं लागे. युरोत गेल्यावर तेच कर्ज जवळपास जर्मनीच्या दरानं मिळू लागलं. कर्ज देणाऱ्यांनी ग्रीसची ऐपत बघितलीच नाही, त्याच्या खांद्यावरचा युरोचा हात बघितला. स्वस्त पैसा आला आणि सरकारी नोकऱ्यांत, पेन्शनींत, शस्त्रखरेदीत, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जिरला. पासोक आणि न्यू डेमोक्रसी हे दोन मोठे पक्ष आलटून पालटून सत्तेत येत आणि आपापल्या माणसांची सोय लावत. या ‘वशिल्याच्या कामा’ला ग्रीक भाषेत रूस्फेती असा खास शब्द आहे. दुसरा शब्द फाकेलाकी, म्हणजे छोटा लिफाफा. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया लवकर व्हावी म्हणून डॉक्टरच्या हातात ठेवायचा तो. आपल्याकडे त्यालाच पाकीट म्हणतात.

४ ऑक्टोबर २००९ ला निवडणूक झाली. न्यू डेमोक्रसीचे कोस्तास करामान्लिस हरले आणि पासोकचे जॉर्ज पापांद्रेऊ पंतप्रधान झाले. प्रचारात ते म्हणाले होते, ‘पैसा आहे.’ तिजोरी उघडल्यावर वेगळंच निघालं. आधीच्या सरकारनं त्या वर्षीची तूट ३.७ टक्के राहील असं युरोपला कळवलं होतं. नव्या सरकारनं आकडा सांगितला १२.५ टक्के. पुढच्या वसंतात तो १३.६ झाला आणि २०१० संपता संपता १५.४.

हा शेवटचा आकडा काढणाऱ्या माणसाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आंद्रेआस जॉर्जिऊ. दोन दशकं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम करून ते ऑगस्ट २०१० मध्ये ग्रीसच्या सांख्यिकी संस्थेचे प्रमुख झाले. युरोपचे नियम लावून त्यांनी हिशेब केला आणि जो आला तो आकडा कळवला. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयानं तो पुन्हा पुन्हा बरोबर ठरवला. देशात मात्र त्यांच्यावरच खटले भरले गेले. आकडा मुद्दाम फुगवून देशाला सावकारांच्या दावणीला बांधलं, असा आरोप होता. आकडे पाठवण्याआधी संचालक मंडळाची मंजुरी घेतली नाही, या मुद्द्यावर २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षाही झाली. २०२३ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं निकाल दिला की या माणसाला न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती. चुकीचे आकडे वर्षानुवर्षं पाठवले जात होते त्या काळाबद्दल कोणाला अशी शिक्षा झाली नाही. मला या संपूर्ण कहाणीत सर्वात जास्त चीड याची येते.

चलन हातात नसलं की

१९९१ चा जुलै आठवून बघा. भारताची परकीय गंगाजळी आटली होती, सोनं गहाण पडलं होतं. त्या महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत सरकारनं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं. चलन स्वस्त झालं की आपला माल बाहेर स्वस्त होतो आणि बाहेरचा माल इथं महागतो. झळ सगळ्यांना बसते, पण ती सगळ्या देशात थोडी थोडी पसरते. कोणाच्या पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा खोडावा लागत नाही.

ग्रीसला हा मार्ग बंद होता. द्राख्मा उरला नव्हता आणि युरोचा भाव अथेन्समध्ये ठरत नाही. मग माल स्वस्त करायचा तर पगार, पेन्शन आणि मजुरीचे आकडेच खोडावे लागतात. अर्थशास्त्रात याला अंतर्गत अवमूल्यन असं नाव आहे. साध्या भाषेत सांगायचं तर चलन स्वस्त करता येत नाही म्हणून माणसं स्वस्त करायची.

२३ एप्रिल २०१० ला पापांद्रेऊ कास्तेलोरिझो बेटावर होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचं हे इवलंसं बेट. मागे निळं बंदर, होड्या, रंगीत घरं, आणि समोर टीव्हीचा कॅमेरा. तिथून त्यांनी देशाला सांगितलं की आपण बाहेरून मदत मागतो आहोत. ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस वर्षानुवर्षं भटकून इथाका या आपल्या बेटावर घरी पोचतो. प्रवास त्याच्यासारखा खडतर आहे, पण इथाकाचा रस्ता आता आपल्याला ठाऊक आहे, असंही म्हणाले. मेमध्ये ११० अब्ज युरोंचं कर्ज मंजूर झालं. ८० अब्ज युरो वापरणाऱ्या देशांकडून, ३० अब्ज नाणेनिधीकडून. अटी घालून देखरेख ठेवायला तीन संस्था आल्या, युरोपीय आयोग, युरोपची मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी. लोक या तिघांना मिळून ‘त्रोइका’ म्हणू लागले. त्यांचे अधिकारी अथेन्सच्या हॉटेलात उतरत आणि मंत्रालयांत फायली बघत.

हा पैसा ग्रीक माणसाच्या हातात पडला असं पुष्कळांना वाटतं. त्यातला फार मोठा भाग जुन्या सावकारांची देणी भागवायला गेला, आणि त्या सावकारांत फ्रान्स आणि जर्मनीच्या बँका मोठ्या होत्या. २०१२ च्या मार्चमध्ये खासगी सावकारांकडच्या रोख्यांची, म्हणजे सरकारच्या कर्जाच्या कागदांची, दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कापली गेली, हे खरं. पण मधल्या दोन वर्षांत ज्यांच्या रोख्यांची मुदत भरली त्यांना पूर्ण पैसे मिळून गेले होते. कापणीच्या वेळी जे सापडले त्यांत ग्रीसचेच पेन्शन फंड होते. कर्ज सुरुवातीलाच कापलं असतं तर बरं झालं असतं, हे नाणेनिधीनं स्वतःच्या २०१३ च्या परीक्षणात जवळपास मान्य केलं आहे.

फेडत असूनही वाढणारं कर्ज

आता या सगळ्यातला सर्वात अवघड भाग.

घरात पैसा कमी पडला तर खर्च कापावा, हे शहाणपण आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. घरापुरतं ते बरोबरही आहे, कारण तुम्ही हॉटेलात जाणं बंद केल्यानं तुमचा पगार कमी होत नाही. देशाचं तसं नसतं. सरकारनं शिक्षिकेचा पगार कापला. तिनं शनिवारी खानावळीत जेवायला जाणं सोडलं. खानावळवाल्यानं वाढप्याला काढून टाकलं. वाढप्याचा आयकर गेला, विम्याचा हप्ता गेला, खानावळीचा विक्रीकर घटला. सरकारनं कापला एक युरो, पण त्या युरोमागे जमा किती घटली याचा हिशेब पुढे महिनोनमहिने चालू राहतो.

एक युरो कापल्यावर देशाचं उत्पन्न कितीनं आकसतं, त्या पटीला गुणक म्हणतात. प्रगत देशांसाठी अंदाज बांधणाऱ्यांनी तो साधारण अर्धा धरला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवून दिलं की मंदीच्या त्या वर्षांत प्रत्यक्ष गुणक ०.९ ते १.७ च्या दरम्यान होता. म्हणजे औषधाचा डोस ठरवणाऱ्यांनी त्याचा परिणाम जवळपास निम्मा किंवा त्याहूनही कमी धरला होता.

आता एक गणित करून बघा. उत्पन्न २४०, कर्ज ३००, तर कर्ज उत्पन्नाच्या १२५ टक्के झालं. उत्पन्न पाव हिश्शानं घटून १८० वर आलं आणि कर्ज एका पैशानं वाढलं नाही, तरी टक्केवारी १६७ वर जाते. ग्रीसमध्ये हेच झालं. काही वर्षांत अर्थव्यवस्था पाऊण उरली. २००९ मध्ये १२७ टक्क्यांच्या आसपास असलेलं कर्ज, मध्ये एवढी मोठी कापणी होऊनही, २०१४ मध्ये १८० च्या घरात पोचलं. २०१३ मध्ये शंभरातले २७ जण बेकार होते आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांत निम्म्याहून कितीतरी जास्त. वर्षभर बेकार राहिलेल्याचा आरोग्य विमाही जाई. डॉक्टर लोक संध्याकाळी फुकट दवाखाने चालवू लागले. लोकांनी घरात उरलेली औषधं तिथं आणून द्यायची आणि ती दुसऱ्याला दिली जायची.

सोपं ते आधी, अवघड ते मागून

खर्च कापणं आणि सुधारणा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ग्रीसच्या बाबतीत ती सर्रास एकच समजली गेली. कापणी एका वटहुकमानं होते. सुधारणा म्हणजे यंत्रणा बदलायची, आणि यंत्रणेत ज्यांची सोय लागलेली असते ते तिला बिलगून बसतात.

फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं गेलं, पंचवीस वर्षांखालच्यांना ५११. कामगार संघटना आणि मालक संघटना यांच्यातला करार बाजूला सारून संसदेनं ते केलं. पगार उतरले की मालाच्या किमतीही उतरतील असं गृहीत होतं. तसं फारसं झालं नाही, कारण बाजार बंदिस्त होता. ट्रक चालवायचा तर परवाना हवा, आणि कित्येक दशकं नवे परवाने जवळजवळ दिलेच नव्हते. जुना परवाना दुसऱ्याकडून भल्यामोठ्या रकमेला विकत घ्यायचा. औषधांचं दुकान कुठं आणि किती काढायचं याचे नियम होते. दूध ‘ताजं’ म्हणून फक्त पाच दिवस विकता येईल असा कायदा होता, त्यामुळे लांबून येणारं स्वस्त दूध त्या कपाटात बसतच नसे. २०१३ मध्ये ओईसीडी या प्रगत देशांच्या आर्थिक संघटनेनं ग्रीसच्या मोजक्या क्षेत्रांचे कायदे तपासले तर स्पर्धेला अडवणारे ५५५ नियम सापडले. हे नियम एकेक करून सोडवायला वर्षं लागली. पगार मात्र तेव्हाच कापून झाला होता.

करांची तीच गत. अथेन्सच्या उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांत ३२४ लोकांनी आपल्या घरी पोहण्याचा तलाव असल्याचं विवरणपत्रात लिहिलं होतं. कर खात्यानं उपग्रहाची छायाचित्रं पाहिली तेव्हा १६,९७४ तलाव मोजले गेले. असा माणूस शोधायला प्रामाणिक खातं लागतं आणि खात्यावर मंत्र्याचा हात नसावा लागतो. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारला पैसा तातडीनं हवा होता. मग त्यांनी घरपट्टीसारखा एक नवा कर थेट विजेच्या बिलात घातला. नाही भरला तर वीज तोडू अशी तंबी. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘हारात्सी’. ऑटोमन राजवटीत ख्रिस्ती प्रजेकडून वसूल होणाऱ्या कराचा हा शब्द, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येणाऱ्या ‘खराज’चाच भाऊ. तलाववाला निसटला आणि दोन खोल्यांच्या घरात राहणारी विधवा विजेच्या बिलात सापडली. असं झाल्यावर लोक सुधारणा या शब्दालाच घाबरायला लागले तर त्यांचं काय चुकलं?

नेते

पापांद्रेऊंनी खरा आकडा सांगितला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांच्याच काळात कापणी सुरू झाली. ५ मे २०१० च्या मोर्चात अथेन्समधल्या एका बँकेच्या शाखेवर पेट्रोल बाँब पडले आणि आत अडकलेले तीन कर्मचारी मेले. त्यातली एक गरोदर होती. ३१ ऑक्टोबर २०११ ला त्यांनी दुसऱ्या मदतीच्या अटींवर सार्वमत घेऊ असं जाहीर केलं. फ्रान्समधल्या कान शहरातल्या बैठकीत जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल आणि फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांनी त्यांना बजावलं की प्रश्न एकच असेल, युरोत राहायचं की नाही. सार्वमत बारगळलं, पापांद्रेऊ गेले आणि युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष लुकास पापाडेमोस निवडून न येता पंतप्रधान झाले.

पासोकला २००९ मध्ये ४३.९ टक्के मतं होती. जानेवारी २०१५ मध्ये उरली ४.७. जुना, रुजलेला पक्ष असा विरघळण्याला युरोपच्या राजकारणात ‘पासोकीकरण’ म्हणतात. त्या पोकळीत गोल्डन डॉन ही नवनाझी टोळीही २०१२ मध्ये संसदेत शिरली. २०२० मध्ये न्यायालयानं तिला गुन्हेगारी संघटना ठरवलं.

न्यू डेमोक्रसीचे अँटोनिस समारास २०१० मध्ये विरोधी बाकावर होते तेव्हा पहिल्या मदत कराराविरुद्ध लढले. २०१२ मध्ये पंतप्रधान झाल्यावर तेच धोरण त्यांनी राबवलं. जून २०१३ मध्ये त्यांच्या सरकारनं सरकारी दूरदर्शन वाहिनी एका रात्रीत बंद केली. अडीच हजारांहून जास्त माणसं घरी बसली आणि पडदा काळा झाला. त्रोइकाला ‘एवढी सरकारी माणसं कमी केली’ असा आकडा दाखवायचा होता.

मग अलेक्सिस त्सिप्रास. चाळिशीतला डावा नेता, सिरिझा पक्ष. कापणी थांबवतो आणि युरोतही राहतो, असं वचन देऊन ते २५ जानेवारी २०१५ ला जिंकले. अर्थमंत्री यानिस वारुफाकिस यांनी कर्ज फिटण्यासारखं नाही हे युरोपला उघडपणे सांगितलं. विश्लेषण बरोबर होतं. पण वाटाघाटीत बरोबर असणं पुरत नाही, मागे ताकद लागते, आणि ग्रीसच्या बँकांतल्या रोकडीचा नळ फ्रँकफुर्टमध्ये, युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या हातात होता. जूनअखेर युरोपच्या मध्यवर्ती बँकेनं आणीबाणीची रोकड वाढवायला नकार दिला, आणि सुरुवातीला सांगितलेल्या त्या रांगा लागल्या. ३० जूनला नाणेनिधीचा दीड अब्जांचा हप्ता चुकला. बँका बंद असताना, ५ जुलैला, सावकारांच्या अटी मान्य आहेत का यावरच्या सार्वमतात ६१.३ टक्के लोकांनी ‘ओखी’, म्हणजे नाही, असं सांगितलं. त्या रात्री अथेन्सच्या सिंताग्मा चौकात लोक नाचत होते.

आठवडाभरात त्सिप्रास ब्रुसेल्समध्ये सतरा तासांची बैठक करून जास्त कडक अटींवर सही करून आले. जर्मनीच्या अर्थमंत्रालयाच्या एका टिपणात ग्रीसनं पाच वर्षं युरोबाहेर राहावं असा पर्याय लिहिलेला होता. बाहेर पडायचं तर नव्या चलनाच्या नोटा छापलेल्या नव्हत्या, औषधं आणि तेल आयात करायला पैसा नव्हता, आणि पहिला फटका त्याच पेन्शनरांना बसला असता. यालाच पुष्कळांनी विश्वासघात म्हटलं. मला वाटतं सही करणं भाग होतं, पण सहा महिने लोकांना जे सांगितलं गेलं ते प्रामाणिक नव्हतं. दोन्ही हातांत लाडू आहेत असं सांगून मत मागितलं होतं.

यानंतर जे झालं त्याची दखल कमी घेतली जाते. तिसरं कर्ज ८६ अब्जांपर्यंतचं होतं आणि ते राबवताना याच डाव्या सरकारनं काही खऱ्या सुधारणा केल्या. १ जानेवारी २०१७ पासून कर खातं मंत्र्याच्या हाताखालून काढून स्वतंत्र संस्था केलं गेलं. कोणाची फाईल तपासायची हे सांगायला मंत्र्याचा फोन येणं निदान कायद्यानं बंद झालं. मला ही एक गोष्ट सगळ्या पगारकपातींपेक्षा मोलाची वाटते, आणि ती सात वर्षं उशिरा आली. २० ऑगस्ट २०१८ ला मदत कार्यक्रम संपला. दुसऱ्या दिवशी त्सिप्रास यांनी भाषणासाठी जागा निवडली इथाका बेट.

पीक कोणाच्या घरात आलं

२०१९ च्या जुलैत त्सिप्रास हरले आणि न्यू डेमोक्रसीचे किरियाकोस मित्सोताकिस आले. घर बांधून झाल्यावर रंग देणारा माणूस, असं त्यांना म्हणणं अन्यायाचं होईल. मार्च २०२० मध्ये सरकारी कामांसाठी एकच संकेतस्थळ सुरू झालं. त्याआधी साध्या प्रतिज्ञापत्रावरची सही आपलीच आहे हे दाखवायला माणसाला कचेरीत जाऊन शिक्का मारून घ्यावा लागे. आता ते घरबसल्या होतं. खिडकीवरची भेट संपली की पाकिटाची संधीही कमी होते. पुढे दुकानांची बिलयंत्रं आणि कार्ड यंत्रं कर खात्याशी जोडली गेली. करवसुली वाढली, आणि तीही दर न वाढवता. २०२४ मध्ये व्याजाचा खर्च सोडून सरकारची शिल्लक जीडीपीच्या ४.८ टक्के होती. कर्ज महामारीत २०० टक्क्यांवर गेलेलं, ते दीडशेच्या आसपास उतरलं. २०२३ मध्ये पतमापन संस्थांनी ग्रीसचे रोखे पुन्हा गुंतवणुकीच्या लायक ठरवले. २०२४ मध्ये ग्रीसला इटलीपेक्षा स्वस्त कर्ज मिळत होतं. नाणेनिधीचे पैसे मुदतीआधीच फेडून झाले आहेत.

या चांगल्या आकड्यांमागे आणखी एक कारण आहे. युरोपीय देशांकडून घेतलेल्या कर्जाची मुदत पुढे पुढे ढकलून काही हप्ते २०७० पर्यंत नेले आहेत आणि व्याज कमी ठेवलं आहे. २०१० मध्ये जे अशक्य म्हणून नाकारलं गेलं, त्याचीच ही हळूहळू दिलेली कबुली आहे.

यंत्रणा मात्र सगळीकडे बदललेली नाही. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तेम्पी इथं प्रवासी गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आल्या आणि ५७ जण गेले, त्यात विद्यार्थी पुष्कळ. त्या मार्गावरची सिग्नल यंत्रणा बसवण्याचा करार २०१४ चा होता आणि काम पूर्ण झालं नव्हतं. दोन वर्षांनी त्याच तारखेला लाखो लोक रस्त्यावर उतरले. २०२५ मध्ये शेतीच्या युरोपीय अनुदानात बनावट कुरणं आणि नसलेली जनावरं दाखवून पैसे लाटल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. रूस्फेती अजून जिवंत आहे.

संकटाच्या वर्षांत चार लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. त्यात शिकलेले तरुण भरपूर, डॉक्टर तर जर्मनीतल्या दवाखान्यांत जागोजागी. काही आता परत येत आहेत, पण अथेन्समध्ये घरभाडं भागवायला इथला पगार पुरत नाही. खऱ्या उत्पन्नात देश अजून २००८ च्या खालीच आहे, आणि खरेदीच्या ताकदीत युरोपीय संघाच्या तळातल्या दोन-तीन देशांत.

आणि किमान वेतन. ते ७५१ वरून ५८६ वर आलं संसदेच्या एका मतदानात. २०१९ मध्ये त्याचे ६५० झाले, २०२२ मध्ये ७१३. जुना ७५१ चा आकडा ओलांडला तो एप्रिल २०२३ मध्ये, ७८० होऊन. २०१२ मध्ये वीस वर्षांची असलेली, ५११ युरोंवर कामाला लागलेली मुलगी तेव्हा एकतीस वर्षांची झाली होती.